पार्किंग लॉटमधली एक रात्र : आरव्हीवाल्यांनी काय करावे, काय टाळावे

डेन्व्हरहून यलोस्टोन पाचशे मैलांच्या वर आहे. साध्या मोटारीने हे अंतर एका दिवसात कापता येते. पण २५-३० फुटांची भाड्याची आरव्ही (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी), पट्टा बांधून कंटाळलेली मुले आणि भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील, तर ते एका दिवसात उरकायला जाऊ नये. यलोस्टोनमधल्या कॅम्पग्राउंडचे आरक्षण महिनोन्‌महिने आधी केलेले असते. वाटेतल्या त्या एका रात्रीचा विचार मात्र राहून जातो. मग संध्याकाळी सातला गाडीत कुणीतरी म्हणते, "वॉलमार्टला लावू या."

लावता येते. वॉलमार्टचे जाहीर धोरण असे आहे की आरव्हीने फिरणारे लोक आमचे चांगले ग्राहक आहेत. वीज-पाण्याची सोय आमच्याकडे नाही, पण जमेल तिथे गाडी लावू देतो. जमते की नाही हे त्या त्या दुकानाचा मॅनेजर जागा आणि स्थानिक कायदा पाहून ठरवतो. कॅबेलाज, बास प्रो शॉप्स, क्रॅकर बॅरल यांच्या अनेक शाखांतही अशी मुभा मिळते. एवढ्या मोठ्या देशात अनोळखी माणसाला फुकट रात्र काढू देणारी ही पद्धत मला फार मोलाची वाटते, आणि म्हणूनच ती आक्रसत चालली आहे याचे वाईट वाटते. एक कारण शहरांचे नियम. दुसरे कारण आधी येऊन गेलेल्यांनी मागे ठेवलेली घाण, मांडलेला संसार आणि केलेली हुज्जत. शहरांच्या नियमांपुढे आपले काही चालत नाही. पुढची यादी दुसऱ्या कारणासाठी आहे.

निघण्याआधी

करावे

- मुक्कामाचे गाव सकाळीच ठरवा आणि त्याच रस्त्यावर आणखी दोन जागा हेरून ठेवा. पहिल्या ठिकाणी नकार मिळणारच आहे असे धरून चाला.
- पेट्रोलची टाकी अर्ध्यावर असतानाच भरून घ्या. भाड्याने बहुधा मिळते त्या क्लास सी आरव्हीचा जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल ओढतो आणि टाकी साधारण पावच्या खाली गेली की आपोआप बंद पडतो. हे माहीत नसले की लोक रात्री साडेनऊला जनरेटर बिघडला म्हणून कंपनीला फोन लावत बसतात.
- ताज्या पाण्याची टाकी भरलेली आणि ग्रे (सांडपाण्याची) व ब्लॅक (मैल्याची) या टाक्या रिकाम्या असाव्यात. मधल्या आकाराच्या गाडीत सुमारे ४० गॅलन पाणी मावते. एका रात्रीसाठी ते पाच जणांना पुरते, मात्र अंघोळी दुसऱ्या दिवशी कॅम्पग्राउंडवर.
- आई-बाबांची औषधे, चष्मे आणि पासपोर्ट एका पिशवीत, हाताशी. कुणी झोपताना सीपॅप मशीन लावत असेल तर ते बॅटरीवर चालवण्याची सोय आधी करून, एक रात्र घरी वापरून पाहा. लॉटमध्ये रात्रभर जनरेटर चालवून ते चालवणे शक्य नाही.

टाळावे

- फक्त ॲपवर विसंबणे. आयओव्हरलँडरसारख्या ॲपवर कोणत्या दुकानात रात्री गाडी लावू देतात याच्या नोंदी मिळतात आणि त्या उपयोगीही असतात. पण नोंद दोन वर्षांपूर्वीची असू शकते. मधल्या काळात मॅनेजर बदलतो, नगरपालिकेचा नियम येतो, लॉटचा मालकही बदलतो.

परवानगी

बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

करावे

- दुकान उघडे असताना फोन करा आणि मॅनेजरलाच विचारा. २०२० पूर्वी वॉलमार्टची कित्येक सुपरसेंटर चोवीस तास उघडी असत. आता बहुतेक सकाळी ६ ते रात्री ११ एवढीच उघडी असतात. अकरानंतर पोहोचलात तर विचारायला माणूसच नसतो, आणि कुणी नव्हते म्हणून लावली ही सबब सिक्युरिटीवाला ऐकत नाही.
- विचारताना सगळे एका दमात सांगा: एक आरव्ही, लांबी २५ फूट, फक्त आजची रात्र, बाहेर काही मांडणार नाही, सकाळी सातच्या आत निघू. समोरच्याला नेमकी हीच माहिती हवी असते. ती आधीच मिळाली की होकाराची शक्यता वाढते. गाडी कुठे लावू, हेही त्यांनाच विचारा.
- ज्यांनी हो म्हटले त्यांचे नाव आणि वेळ लिहून ठेवा. रात्रपाळी बदलते. नव्या माणसाला तुमच्याबद्दल कुणी सांगितलेले असेलच असे नाही.
- लॉटमध्ये शिरल्यावर एक फेरी मारा आणि खांबांवरच्या पाट्या वाचा. 'रात्री पार्किंग मनाई' एवढेच लिहिले असेल तर मॅनेजर सूट देऊ शकतो. पण पाटीवर नगरपालिकेच्या कायद्याचे कलम छापलेले असेल तर मॅनेजरच्या होकाराला काही अर्थ उरत नाही. दंड शहर लावते. अशा ठिकाणी थांबू नये.
- दुकान एकटे उभे आहे की रांगेतल्या दहा दुकानांपैकी एक आहे, तेही पाहा. रांगेतल्या दुकानांचे लॉट बहुधा वेगळ्याच मालकाचे असतात. एका दुकानाने हो म्हटले तरी गाडी उचलून नेणारा ट्रक मालकाच्या सांगण्यावरून येतो.

टाळावे

- दुसरी एक आरव्ही उभी दिसली म्हणून आपलीही लावणे. तिने विचारलेले असेल, नसेल. तिचा होकार तुम्हाला लागू होत नाही.
- नकारानंतर घासाघीस. "फक्त झोपायचंय हो, आई-बाबा दमलेत" हे आपल्याला माणुसकीचे वाटते, पण काउंटरवरच्या माणसाच्या हातात बहुधा काही नसते. त्याला अवघडून टाकू नये. आभार मानून जवळपास कुठे जमेल एवढे विचारावे. यातून चांगली ठिकाणे कळतात.
- नकार मिळाला म्हणून मागच्या गल्लीत रस्त्याच्या कडेला गाडी लावणे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगनमधल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सार्वजनिक जागेवरच्या मुक्कामाला बंदी घालण्याचा शहरांचा अधिकार मान्य केला. त्यानंतर अनेक शहरांनी आपले नियम कडक केले. गाडीत झोपण्यालाही कित्येक ठिकाणी मनाई आहे.

गाडी कुठे, कशी लावावी

करावे

- उजेड असताना पोहोचा. जूनमध्ये मोंटाना-वायोमिंगकडे नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर आणि अंधार पडण्याआधी असा चांगला तासभर मिळतो. क्लास सी गाडीची उंची सुमारे १२ फूट असते. झाडाची खाली आलेली फांदी किंवा वाट अडवणारा उंचीचा दांडा अंधारात दिसत नाही.
- दुकानाच्या दारापासून लांब, लॉटच्या कडेला. अमेरिकेतली गाडी लावायची एक चौकट साधारण ९ फूट रुंद आणि १८ फूट लांब असते, म्हणजे आपली गाडी एकीत मावत नाही. कडेच्या रांगेत मागची चाके कडेच्या दगडाला लागतील अशी लावली तर गाडीचा शेपटाकडचा भाग गवतावर जातो आणि पुढे वाट मोकळी राहते.
- तोंड बाहेरच्या रस्त्याकडे. रात्री निघावे लागले तर मागे घ्यायची वेळ येऊ नये.
- उतार पाहा. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून लॉटला उतार दिलेला असतोच. गॅसवर चालणारा फ्रीज फार कललेला राहिला तर नीट थंड करत नाही आणि खराबही होऊ शकतो. झोपताना डोके चढाच्या बाजूला.

टाळावे

- मागच्या बाजूला, जिथे माल उतरतो तिथे लावणे. रात्री दोनला ट्रक येतात, आणि थंड मालाच्या ट्रेलरचे यंत्र पहाटेपर्यंत घुमत राहते. ऑनलाइन सामान घेऊन जाण्याच्या चौकटी आणि वसंतात बागकामाचे सामान मांडायची जागाही सोडा.
- बर्फाच्या दिवसांत लांबचा कोपरा. बर्फ ढकलणारी गाडी तिथेच ढीग लावते. नोव्हेंबरअखेरपासून नाताळापर्यंत बहुतेक दुकानांना प्रत्येक चौकट लागते, तेव्हा विचारूच नये असे माझे मत आहे.
- जॅक खाली करणे. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात जॅकचे पाय रुततात आणि तिथे कायमचा खड्डा पडतो. दुकानाला दुरुस्तीचे बिल येते आणि पुढच्या आरव्हीला नकार मिळतो.

बाहेर काहीही काढू नका

ऑनिंग (बाहेर पसरणारे कापडी छत) नाही, खुर्च्या नाहीत, चटई नाही, शेगडी नाही. ओले टॉवेल आरशावर वाळत घालायचे नाहीत. मुलांचे बॅट-बॉलही नाही. लॉटमध्ये गाडी मागे घेणाऱ्या चालकाला मागचे मूल दिसेलच असे नाही. एस्केपीज, एफएमसीए यांसारख्या आरव्हीधारकांच्या संघटनांनी मान्य केलेली एक सद्‌वर्तनाची नियमावली आहे. तिच्यातही हेच आहे: परवानगी घ्या, एकच रात्र थांबा, ऑनिंग-खुर्च्या काढू नका, डांबरावर जॅक टेकवू नका, काहीतरी खरेदी करा, जागा होती त्याहून स्वच्छ करून निघा.

स्लाइड-आउटबद्दल, म्हणजे गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या भागाबद्दल, मतभेद आहेत. आत जागाच पुरत नसेल तर गवताच्या बाजूचा स्लाइड थोडा काढणारे बरेच जण आहेत. मी तो आतच ठेवावा म्हणेन. रात्री एखादे वेळी पटकन निघावे लागते, आणि स्लाइड बाहेर असताना गाडी हलवता येत नाही.

आई-बाबांना जेवणानंतर फेरी मारायची सवय असते. लॉटमध्ये ती गाडीच्या आसपास न मारता उघड्या दुकानात मारावी. तिथे उजेड असतो, रस्ता सपाट असतो, स्वच्छतागृह असते, आणि येताना दूध-केळीही घेता येतात.

वीज, गॅस आणि श्वास

ही बाब जिवाची आहे, म्हणून सविस्तर.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. जनरेटरच्या धुरात तो असतो, चालू इंजिनाच्या धुरात असतो, बंद जागेत पेटवलेल्या गॅसच्या शेगडीतूनही तयार होतो. झोपेतल्या माणसाला काही कळत नाही.

करावे

- गाडी ताब्यात घेतानाच कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचे बटण दाबून तो वाजतो का पाहा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो आणि जमिनीलगत बसवलेला असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. त्याच्यासमोर चपला, पिशव्या रचू नका.
- हीटर लावायचा असेल तर गाडीतला फर्नेसच लावा. तो प्रोपेनवर चालतो, धूर बाहेर सोडतो आणि पंख्यासाठी बॅटरी वापरतो. दिवसभर गाडी चालली असेल तर बॅटरी भरलेली असते. फर्नेस बेताच्या तापमानावर ठेवा आणि पांघरुणे जास्त घ्या, म्हणजे बॅटरी पहाटेपर्यंत टिकते.
- स्वयंपाक करताना एक खिडकी आणि छतावरचे व्हेंट उघडे.
- शेजारच्या गाडीचा जनरेटर चालू असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद करा. धूर खिडकीतून येतच असेल तर जागा बदला. संकोच करू नका.

टाळावे

- थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून ठेवणे. कधीही नाही. मुले कुडकुडत असली तरी नाही.
- झोपताना जनरेटर चालू ठेवणे. धुराचा धोका आहेच, शिवाय त्या आवाजाने आसपासचे सगळे जागे राहतात. यलोस्टोनच्या ज्या कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटर चालवू देतात तिथेही वेळ सकाळी ८ ते रात्री ८ एवढीच आहे. लॉटमध्ये त्याहून कमीच वापरावा: संध्याकाळी अर्धा तास, मायक्रोवेव्हपुरता. भाड्याने गाडी देणाऱ्या अनेक कंपन्या जनरेटरचे तासावर पैसे लावतात, तेही वाचतात.

आता उलट बाजू, उन्हाळा. छतावरचा एसी जनरेटर किंवा बाहेरच्या विजेशिवाय चालत नाही. जुलैत फीनिक्ससारख्या शहरात रात्रीसुद्धा पारा ३० अंशांच्या आसपास राहतो आणि दिवसभर तापलेले डांबर खालून आणखी उष्णता सोडते. अशा भागात म्हातारी माणसे किंवा तान्हे मूल बरोबर असेल तर लॉटमध्ये रात्र काढू नये. विजेची जोडणी असलेल्या कॅम्पग्राउंडला किंवा साध्या मोटेलला पैसे द्यावेत. ॲरिझोना, नेवाडा, दक्षिण टेक्सास या पट्ट्यात उन्हाळ्यात मी हा नियम बिनशर्त पाळायला सांगेन.

स्वयंपाक

आपल्या माणसांना रात्री गरम वरण-भात लागतो, आणि लागावाच. आठ तास गाडीत बसल्यावर बर्गर गिळवत नाही. थोडी आखणी केली की जमते.

करावे

- कुकर लॉटमध्ये पोहोचण्याआधी लावा. दुपारी चारच्या सुमाराला एखाद्या मोठ्या रेस्ट एरियात थांबून वरण-भाताचा कुकर काढून घ्यावा आणि रात्री नुसते गरम करावे. शांत लॉटमध्ये रात्री नऊला वाजणारी शिट्टी लांबवर ऐकू जाते. काय वाजते आहे हे तिथल्या लोकांना कळत नाही, आणि कुणी तपासायला आले तर त्यांचे चुकत नाही.
- पहिल्या रात्रीचा स्वयंपाक घरूनच: ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडे बेसन. चहा तेवढा गाडीत करावा.
- फोडणी देण्याआधी व्हेंटचा पंखा लावावा. स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म झोपायच्या जागेपासून हातभर अंतरावर असतो आणि मोहरी-मिरचीच्या धुराने तो हमखास वाजतो. म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवू नये.

टाळावे

- मिक्सर, इंडक्शन, विजेची किटली यांच्या भरवशावर बेत आखणे. भाड्याच्या बहुतेक गाड्यांत जनरेटरशिवाय यांतले काही चालत नाही. मोबाइल तेवढे चार्ज होतात.
- तळण. तापलेले तेल, हललेली गाडी आणि हातभर ओटा यांची संगत धोक्याची.

पाणी आणि कचरा

लॉटमधली मुभा जाण्याचे सगळ्यात मोठे कारण इथे आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. ग्रे टँकचे पाणी, म्हणजे भांड्यांचे आणि हातपाय धुतल्याचे पाणी, लॉटच्या गटारात सोडू नये. पावसाच्या पाण्यासाठी केलेली ती गटारे बहुधा थेट ओढ्या-नदीला मिळतात. त्यांत सांडपाणी सोडणे हा गुन्हा ठरतो. झाकण ढिले ठेवून थेंबथेंब गळू देणेही त्यातच आले. ब्लॅक टँकबद्दल तर बोलायलाच नको.

टाक्या फक्त डम्प स्टेशनवर रिकाम्या कराव्यात. पायलट फ्लाइंग जेच्या अनेक ट्रकस्टॉपवर, बऱ्याच कॅम्पग्राउंडवर आणि कॅबेलाजच्या काही दुकानांपाशी ती सोय असते. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे घालावेत, आणि पिण्याच्या पाण्याची नळी त्या नळीजवळ कधीही ठेवू नये.

घरचा कचरा दुकानाच्या दारातल्या छोट्या डब्यात कोंबू नये. लहान बाळ असेल तर डायपर गाठ मारलेल्या पिशवीत गाडीतच ठेवावेत आणि पुढच्या कॅम्पग्राउंडवर टाकावेत. दुकानाच्या स्वच्छतागृहाच्या बेसिनमध्ये अंघोळ, केस धुणे, भांडी घासणे यांतले काहीही करू नये. तो भाग नंतर कुणीतरी पुसत असतो.

रात्री दारावर थाप पडली तर

करावे

- आतला दिवा लावा आणि खिडकीतून बोला. सिक्युरिटी किंवा पोलीस असतील तर ते ओळख सांगतात. मॅनेजरचे नाव आणि परवानगीची वेळ शांतपणे सांगा. तरीही निघा म्हटले तर निघा. लॉट खाजगी मालमत्ता आहे आणि सांगूनही थांबलात तर तो अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो. आई-बाबा अमेरिकेत पाहुणे म्हणून आलेले असताना असल्या भानगडीत त्यांना ओढू नये.
- कोण आहे ते कळले नाही तर दार उघडू नका. क्लास सी गाडीचा हा मोठा फायदा आहे की मागच्या खोलीतून बाहेर न पडता थेट चालकाच्या जागेवर जाता येते. म्हणून झोपण्यापूर्वी ती वाट मोकळी ठेवा, किल्ली ठरलेल्या जागी टांगा, पुढचे पडदे ओढून घेता येतील असे ठेवा, पायरी आत घ्या. मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये झोपणाऱ्यांना ही सोय नसते. त्यांनी जास्त उजेडातली जागा निवडावी.
- तातडीची गरज असेल तर ९११. त्याआधी आपण कुठे आहोत ते माहीत हवे, म्हणून दुकानाचा पत्ता कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. मुले आणि आजी-आजोबा सगळ्यांना तो वाचता येईल असा.

टाळावे

- मुक्कामात दारू. उभ्या गाडीतही, किल्ली हातात आणि आपण चालकाच्या जागेवर असे असले की अनेक राज्यांत तो नशेत गाडी चालवण्याचा गुन्हा धरला जातो. आणि रात्री निघायची वेळ आली तर चालवणार कोण?
- शेजाऱ्यांकडे संशयाने पाहणे, त्यांचे फोटो काढणे. लॉटमध्ये रात्री दिसणारी प्रत्येक गाडी सहलीची नसते. भाडे परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये राहणारी आणि हंगामी कामांमागे राज्याराज्यांतून फिरणारी माणसे अमेरिकेत बरीच आहेत. जेसिका ब्रुडरच्या २०१७ च्या 'नोमॅडलँड' या पुस्तकाने आणि त्यावरच्या ऑस्करविजेत्या चित्रपटाने ती जगाला दिसली. त्यांना हा लॉट आपल्यापेक्षा जास्त गरजेचा आहे. आपल्या वागण्याने तो बंद पडला तर आपण पुढच्या वेळी हॉटेल घेऊ. त्यांनी कुठे जायचे?

ट्रकवाल्यांची जागा

ट्रकस्टॉपवर थांबता येते, लव्ह्ज या ट्रकस्टॉपच्या साखळीच्या काही ठिकाणी तर पैसे देऊन वीज-पाण्यासकट जागा मिळते. पण ट्रकसाठी आखलेल्या लांब चौकटीत आरव्ही लावू नये. अमेरिकेत ट्रकचालकाला ११ तास गाडी हाकल्यावर सलग १० तास विश्रांती घ्यावीच लागते. त्याचा हिशोब गाडीतल्या यंत्रावर नोंदला जातो. रात्री दहाला त्याचे तास संपतात आणि जागा नसेल तर तो उतरत्या रॅम्पच्या कडेला, कुठेतरी अंधारात ट्रक लावतो. २००९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात जेसन रिव्हनबर्ग हा चालक माल उतरवायची जागा उघडलेली नव्हती म्हणून एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर थांबला आणि तिथे त्याचा लुटारूने खून केला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा 'जेसन्स लॉ' २०१२ मध्ये झाला, तो ट्रकसाठी सुरक्षित जागा वाढवण्यासाठी. आपण अडवलेली एक चौकट कुणाची तरी रात्रीची झोप असते. मोटारींच्या बाजूला जागा नसेल तर ट्रकस्टॉप सोडून पुढे जावे.

लॉट नको असेल तेव्हा

- महामार्गांवरचे रेस्ट एरिया. मुदत राज्यागणिक बदलते: कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये ८ तास, ओरेगनमध्ये १२, टेक्सासमध्ये २४, फ्लोरिडात जेमतेम ३. पाटी वाचा.
- हार्वेस्ट होस्ट्स. वार्षिक वर्गणी भरली की शेते, द्राक्षमळे, छोट्या दारूभट्ट्या अशा ठिकाणी एक रात्र थांबता येते. गाडीत स्वतःचे स्वच्छतागृह हवे आणि यजमानाकडून काही विकत घेण्याची रीत आहे. मुलांना शेत पाहायला मिळते, म्हणून मला हा पर्याय फार आवडतो.
- पश्चिमेकडच्या राज्यांत बीएलएमची (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) सरकारी जमीन. बहुतेक ठिकाणी २८ दिवसांच्या काळात १४ दिवसांपर्यंत मुक्काम करता येतो. मात्र रस्ते कच्चे असतात आणि भाड्याच्या कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला बहुधा मनाई करतात. करार वाचल्याशिवाय वळू नका.
- राष्ट्रीय उद्यानात मात्र लॉटची सवय विसरा. यलोस्टोनमध्ये रस्त्याकडेच्या थांब्यांवर किंवा पार्किंगमध्ये रात्र काढायला सक्त मनाई आहे. तिथे वीज-पाण्याची जोडणी फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात मिळते, आणि ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळे तिथे कापडी भिंतींच्या गाड्यांना प्रवेश नाही.

सकाळ

सातच्या आत निघावे. गिऱ्हाइके यायच्या आधी चौकट रिकामी व्हायला हवी. चहा पुढच्या रेस्ट एरियात प्यावा.

निघण्यापूर्वी गाडीभोवती एक पूर्ण फेरी: पायरी आत, व्हेंट बंद, कपाटांच्या खिट्ट्या लागलेल्या, चाकाखालचे अडसर काढलेले. त्याच फेरीत आसपास पडलेले कागद, बाटल्या उचलाव्यात, आपल्या नसल्या तरी. वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, म्हणून शेजारी खांब असेल तर आधी थोडे सरळ पुढे यावे आणि मग वळावे; एका माणसाने खाली उतरून पाहावे.

दुकानात खरेदी रात्री केली नसेल तर आता करावी. दूध, पिण्याच्या पाण्याचे कॅन, कांदे-बटाटे हे पुढे उद्यानात लागणारच आहे आणि आत त्याला जास्त पैसे पडतात. कालचा मॅनेजर असेल तर त्याला भेटावे, नसेल तर काउंटरवर निरोप ठेवावा.

मग गाडी चालवत नसलेल्या माणसाने ॲप उघडून नोंद करावी: तारीख, दुकान, कुणाला विचारले, काय सांगितले, गाडी कुठे लावायला सांगितली. नकार मिळाला असेल तर तोही लिहावा, कारणासकट. आज संध्याकाळी त्याच रस्त्याने येणाऱ्या कुणाला तरी मग अंधारात चाळीस मैल उलटे जावे लागणार नाही.